फोटोपुरती आजारी

प्रिय मुकादम,

हाताने लिहिलेलं पाकीट पाहून छातीत धस्स झालं असेल, तर आधी पाणी पी. मी आहे. अक्षर थोडं सांडल्यासारखं दिसेल, कारण औषधाने बोटांची टोकं बधिर झाली आहेत आणि पेन हातात आहे की नाही हे मला बघूनच कळतं. फोन का नाही केलास, असं तू विचारणारच. तुझ्या मदतनिधीच्या दात्यांचा फोनवरचा गट सुरू झाला तेव्हापासून माझा फोन आमच्या फोटोग्राफरांच्या खिशात असतो. 'आपल्या सदिच्छांमुळेच आज उभी आहे' वगैरे जे माझ्या नावाने तिथे येतं, ते सगळं नवऱ्याचं वाङ्मय. तुला खरं तर पहिल्याच दिवशी ओळखायला हवं होतं. एका वाक्यात तीन उद्गारचिन्हं मी जन्मात दिलेली नाहीत. पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासताना दुसऱ्यांची खोडण्यातच माझी हयात गेली.

परवा तुझा निरोप आला, तो मी ह्यांच्या खांद्यावरून वाचला. 'बैठक जवळ आली, या महिन्याचा फोटो अजून नाही, काळजी वाटते.' त्याचं उत्तर म्हणून हे पत्र. लांबेल. निवांत बस, आणि बैठकीत म्हणतेस तसं 'मुद्द्यावर या' म्हणू नकोस. मूळ संहितेआधी भाष्य वाढायची माझी खोड तुला हॉस्टेलपासून ठाऊक आहे. पहाटे विभक्ती घोकून तुझी झोप मोडणारी मी शास्त्रीबुवा, आणि न्हाणीघरापुढे मुलींची रांग लावून प्रत्येकीला घड्याळ दाखवणारी तू मुकादम. नावं एकमेकींनी ठेवली आणि दोघींनाही चपखल बसली. तू अजून रांगच लावतेस. फक्त आता ती रोग्यांची आहे.

मागचं सगळं तुला माहीत आहे, पण तुझ्या लक्षात ते तुझ्या बाजूने असणार, म्हणून एकदा माझ्या बाजूने सांगते. पहिल्या ऑपरेशनातच विम्याची मर्यादा संपली. प्रेसने रजा संपेपर्यंत वाट पाहिली, मग अतिशय सभ्य भाषेत मला पगारावरून पानांच्या हिशेबावर आणलं. ह्यांच्या स्टुडिओचा धंदा हातोहाती फोन आले तेव्हाच बसला होता. मोठा कॅमेरा आणि मागची एक खोली विकून झाली. आता पुढे स्टुडिओ, मागे पार्टिशन, आणि पार्टिशनमागे आम्ही. मूलबाळ नाही, म्हणजे ज्याच्यासाठी काही राखून ठेवावं असंही कुणी नाही. लोक हे सांत्वन म्हणून सांगतात. मग ते नवं औषध निघालं. दर तीन आठवड्यांनी शिरेतून एक बाटली, आणि एका बाटलीत आमच्या स्टुडिओचं वर्षाचं भाडं. डॉक्टरीणबाईंनी, केसांना क्लिप लावणारी पोरगेलीच आहे ती, एकच गोष्ट बजावून सांगितली: 'औषध लागू पडेल, पण मधे खंड पडू देऊ नका. खंड पडला की गाठ शहाणी होते.' तेव्हापासून आमच्या घरात दुसरी कुठलीही चिंता राहिली नाही. पुढची बाटली, एवढाच विषय.

तेव्हा तू उभी राहिलीस. फोनवर थोडा वेळ रडलीस, मग नाक पुसून म्हणालीस, 'बरं, फोटो आहे का एखादा?' फोटोग्राफरच्या बायकोला फोटोंची काय वाण? स्टुडिओची भिंतभर मी होते. पदवीचा झगा घातलेली मी, खिडकीशी पुस्तक धरलेली मी, जाहिरातीसाठी उगीचच दूर कुठेतरी बघणारी मी. त्यातला एक पाठवला आणि तुझ्या गटावर शुकशुकाट झाला. शेवटी तूच अडखळत म्हणालीस, 'अगं, यात तू फार छान दिसतेस.' पन्नाशीच्या बाईला अशी दाद मिळावी आणि तिने शरमेने मान खाली घालावी, हा योग माझ्याच वाट्याला यायचा होता.

मग ह्यांनी मला स्टुलावर बसवलं. या माणसाने आयुष्यभर लोकांना बरं दाखवायचा धंदा केला. दोन दिवे समोरून, म्हणजे सुरकुत्या बुजतात. हनुवटी किंचित वर, म्हणजे गळ्याखालचं लोंबतं ते जातं. ओठांवरून जीभ फिरवा, हं, श्वास धरा. तीच सगळी विद्या त्यांनी उलटी फिरवली. एकच दिवा, तोही बाजूने आणि वरून, म्हणजे डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो आणि गालफडं बसतात. मागे काळं कापड. स्कार्फ काढ. हनुवटी खाली. कॅमेऱ्याकडे बघ, पण काही मागू नकोस. ही शेवटची सूचना मला फार आवडली. करुणरसाची निष्पत्ती कशी होते हे सांगायला आपल्या सरांनी दोन वर्षं घेतली आणि आपल्याला पत्ता लागला नाही. आमच्या फोटोग्राफरांनी ती एका दिव्यात करून दाखवली. फोटो पाहून मीच म्हटलं, 'अहो, या बाईला काहीतरी द्या.' आम्ही दोघं पोट धरून हसलो. त्या संध्याकाळपर्यंत पहिल्या काही बाटल्यांची सोय झालेली होती.

हसलो ते तेवढंच. कारण पुढे मी लोकांच्या पैशांनी जगू लागले, आणि ज्याचे पैसे त्याची नजर. आमच्या लग्नाच्या वाढदिवशी आम्ही कोपऱ्यावरच्या बेकरीत बसून एक केक दोघांत खाल्ला. ह्यांनी काहीतरी पाचकळ विनोद केला आणि मी मान मागे टाकून हसले. कुणाची तरी मेहुणी पलीकडच्या टेबलावर होती. दुपारी गटावर प्रश्न: 'आपले पैसे केमोला जातात की केकला?' तू धावून आलीस. 'साखर उतरली होती, डॉक्टरांनीच गोड खायला सांगितलं' अशी धादांत थाप ठोकलीस, हॉस्टेलच्या मेट्रनला मारायचीस त्याच प्रतीची. आणि मग मला वेगळं लिहिलंस, 'जरा जपून.' मुकादम, मला आजवर टोचलं, चिरलं, शिवलं, पण 'जरा जपून' इतकं खोल काही गेलं नाही. प्रेमाने लिहिलं होतंस म्हणून तर गेलं.

मी जपू लागले. संध्याकाळी गॅलरीत बसणं सोडलं, कारण समोरच्या वाण्याने शंभर दिले होते आणि मी दिसले की तो माझ्याकडे तराजूच्या काट्याकडे बघावं तसा बघायचा. उधारी फेडता येते गं. उपकाराला हप्ते नसतात. पायांची बोटं बधिर झाली. ठेच लागली हे रक्त दिसल्यावर कळायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जाड तळव्याचे मऊ बूट घ्या, नाहीतर जखमा चिघळतील. घेतले. पण ते इतके नवे दिसत होते की बाहेर घालायची छाती होईना. आमचे फोटोग्राफर पॉलिशपेपर घेऊन जमिनीवर बसले आणि नवेकोरे बूट घासून जुने केले. टाचेच्या बाहेरच्या कडेला जास्त, कारण खरी झीज तिथे होते. कामात चोख माणूस. मी वरून त्यांच्या टकलाकडे बघत होते आणि मला वाटलं, या माणसाने माझ्यावर इतकं लक्षपूर्वक प्रेम पूर्वी कधी केलं नव्हतं, आणि ते आता हे असं करायचं राहिलंय.

बूट म्हणजे त्यातल्या त्यात गमतीचा भाग. दर महिन्याला नवा फोटो हवा हा तुमच्या बैठकीचा नियम. तो पहिल्यापेक्षा उजवा, म्हणजे डावा, असला तर बरं, हे कुणी लिहिलेलं नव्हतं. तुमच्यातले ते निवृत्त बँकवाले गृहस्थ मात्र फोटो टेबलावर मांडून 'ज्याची गरज डोळ्यांना दिसते त्याला आधी' म्हणतात, हे तूच मला सांगितलं होतंस. मी त्यांना दोष देत नाही. इतके अर्ज, सगळ्यांचे आजार सारखेच लांब नावाचे. माणूस आणखी कशाने निवडणार? तेव्हा आम्ही फोटोचा दिवस ठरवायला लागलो. बाटलीनंतरचा तिसरा दिवस, कारण त्या दिवशी मी सगळ्यात वाईट असते. मग ह्यांच्या लक्षात आलं, की उलटीची ती चांगली, महागडी गोळी घेतली की चेहऱ्यावर थोडी कळा येते. म्हणून गोळी फोटोनंतर. मी स्टुलावर बादली मांडीत धरून बसायची, आणि ते म्हणायचे, 'झालंच, एक मिनिट, बादली फ्रेमच्या खाली घे.' पुढे गोळी आणायचीच बंद केली. फोटो चांगला येतो आणि पैसेही वाचतात. एका दगडात दोन पक्षी, आणि दोन्ही मीच.

आता त्या बाटलीच्या हॉलविषयी सांगते. तिथे आरामखुर्च्यांची रांग असते, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत टेलरबाई. नाव सांगत नाही, तुझ्या अर्जांत येईलच. कपड्यांच्या दुकानात उसवायची, आवळायची, सैल करायची कामं ती करते. नवरा केव्हाच दुसरीकडे गेला. अंगाने गुबगुबीत, तोंडाने अखंड चालू. हाताला सुई लावलेली असताना ती नजरेने सगळ्यांची मापं घेते. 'ताई, तुम्ही कंबरेत बोटभर भरलात हो. वजनकाटा कशाला लागतो यांना, मला विचारावं.' पलीकडच्या खुर्चीत एक बसचालक असायचा. त्याचा रिपोर्ट चांगला आला, गाठ अर्ध्यावर आली. तुमच्या निधीने त्याला फुलांचा गुच्छ पाठवला, 'आपण बरे होत आहात हे कळून आनंद झाला' असं लिहिलं, आणि त्याची जागा जास्त गरजूला दिली. त्याच्या चार बाटल्या राहिल्या होत्या, मुकादम. बरा होत होता तो त्या बाटल्यांमुळे. गुच्छाची फुलं गळायच्या आत त्याचा खोकला परत आला, आणि काही दिवसांनी त्या खुर्चीत दुसरंच कुणीतरी बसलेलं होतं. तुला हे मी तेव्हा कळवलं होतं. तू खूप रडलीस. नियम मात्र तोच राहिला, कारण नियम बैठकीचा होता आणि रडणं तुझं एकटीचं.

त्यानंतर माझा रिपोर्ट चांगला आला.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. म्हणाल्या, निम्म्याहून लहान झालीय, असंच चालू ठेवा. आम्ही दोघं बाहेर बाकावर नापास झालेल्या पोरांसारखे बसलो. हे म्हणाले, 'कळवायचं त्यांना?' मी म्हटलं, 'कळवू की. गुच्छात कुठली फुलं हवीत ते आधी ठरवा.' त्यांना हसू आलं नाही. शेजारून टेलरबाई सलाइनचा खांब ढकलत चालली होती, ती म्हणाली, 'काय झालं? मेलं का कोणी?' मी म्हटलं, 'नाही गं, बरी होतेय मी.' ती फार शहाण्यासारखं म्हणाली, 'अरेरे.'

आता अडचण अशी, की दिवा काम करेना. डोक्यावर दाढीच्या ब्रशसारखे केस आले होते, ते ह्यांनी वस्तऱ्याने काढले. दिवा आणखी वर नेला, आणखी बाजूला नेला. पण गाल आले होते गं माझे. आठ महिन्यांनी मला गाल होते, आणि नवरा त्यांच्याकडे थकबाकीदाराकडे बघावं तसा बघत होता. शेवटी दिवा बंद करून, माझ्याकडे पाठ करून ते म्हणाले, 'थोडे दिवस जेवण कमी केलंस तर?' मी म्हटलं, 'अहो, बायका नवऱ्याच्या डोळ्यात भरावं म्हणून उपाशी राहतात. मी बँकवाल्यांच्या डोळ्यात भरावं म्हणून राहते, बिघडलं कुठे?' म्हणजे नाही म्हणाले नाही, हे लक्षात घे. पुढच्या सगळ्या बाटल्या त्या एका फोटोवर होत्या. पाणी, काळा चहा, झोप कमी. पहिले दोन दिवस तेही माझ्याबरोबर उपाशी राहिले. मग मीच त्यांना दमात घेऊन जेवायला बसवलं, कारण कॅमेरा धरताना हात थरथरला तर माझा उपास फुकट जायचा. ते स्टुडिओत जाऊन, दार लावून जेवायचे, मला वास येऊ नये म्हणून. येत होता.

तो फोटो तुला आठवत असेल. 'बघवत नाही गं,' असं तू लिहिलंस. टेबलावर पहिला नंबर लागला. बँकवाल्यांनी स्वतःच्या खिशातून भर घातली. पैसे इतके आले की शेवटपर्यंतच्या बाटल्या सुटाव्यात. त्या रात्री आम्ही भात केला आणि मला चार घासांपुढे जाईना. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरली. औषधाने पांढऱ्या पेशी आधीच तळाला गेलेल्या, त्यात अंगात काही साठा नाही. ताप चढला तो उतरेना. कित्येक आठवडे वॉर्डात काढले. फोटोने आणलेले पैसे खोलीच्या भाड्यात आणि इंजेक्शनांत गेले, आले त्याच वाटेने, अगदी सुरळीत. बाटलीची तारीख गेली. मग दुसरीही गेली. डॉक्टरीणबाईंनी तक्ता बघून विचारलं, 'एकदम इतकं वजन कसं गेलं? खात नव्हता का?' ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, 'चव लागत नाही हो तोंडाला.' त्यांनी सहानुभूतीने ते लिहून घेतलं आणि भूक लागायचं औषध दिलं. तेही आम्ही विकत घेतलं.

'असा ताप या औषधात कुणालाही येऊ शकतो,' हेही त्याच बाई एकदा जाता जाता म्हणाल्या. ते वाक्य ह्यांनी पकडून ठेवलं आहे. कुणी विचारो न विचारो, 'कुणालाही येतो हो असा ताप' असं म्हणतात. कधी कधी दाढी करताना आरशाला सांगतात. मी मान डोलावते. माझ्याकडे द्यायला फारसं काही उरलेलं नाही. एवढं वाक्य त्यांचं त्यांच्याकडे राहू दे.

दरम्यान धंदा मात्र परत आला. हॉलमधल्या लोकांनी माझा तो फोटो पाहिला होता. कुणी काढला, विचारत एक आला, मग त्याच्या ओळखीचा दुसरा. आता आठवड्याला दोघं-तिघं येतात. आमचे फोटोग्राफर त्यांच्याकडून निम्मीच फी घेतात, टेलरबाईकडून तर पैसाही घेणार नाहीत. तिने नवं काळं कापड शिवून दिलं, जोड दिसणार नाही असं. घरभाडं त्यातून निघतं, माझ्या दुखण्याच्या गोळ्या त्यातून येतात. तुझ्या मागच्या बैठकीचे फोटो काढून बघ. ज्यांच्या डाव्या डोळ्याखाली अंधार आहे, ते सगळे आमच्या एका दिव्याखालचे. फसवणूक म्हणू नकोस. आजार खरा आहे, बाटलीची किंमत खरी आहे. फोटोवर फक्त, चेकवर घालतात तशी, पुढची तारीख असते.

आता मुद्दा. या महिन्याचा माझा फोटो आलेला नाही आणि येणार नाही, कारण मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी नवा स्कॅन दिव्यावर लावून दाखवला आणि माझं औषध बंद केलं. मधल्या खंडाचा गाठीने चांगला उपयोग करून घेतला. ती आता यकृतातही आहे, आणि बाटली बदलून काही होणार नाही. ह्यांनी तुला हे कळवलेलं नाही. तेव्हापासून कॅमेराही माझ्याकडे वळवलेला नाही. पण मी लिहितेय ते यासाठी नव्हे. काल दुपारी पडले असताना पार्टिशनपलीकडे टेलरबाईचा आवाज आला. तिचा रिपोर्ट चांगला आलाय, थोड्याच बाटल्या उरल्यात, आणि तुझ्याकडे अर्ज करायचाय. हे तिला म्हणाले, 'चेहरा फार भरलाय बाई. शुक्रवारी फोटो काढू. तोवर पाणी आणि काळा चहा. आमच्या हिने केलं होतं.' मी भिंत धरून बाहेर गेले आणि तिला म्हटलं, 'हे करू नकोस, आजच जेव.' ती हसून म्हणाली, 'ताई, तुम्हाला पैसे मिळाले ना?' मी म्हटलं, 'मिळाले.' 'मग झालं तर. माझं अंग दणकट आहे.' पुढचं, म्हणजे त्या तापाचं, सांगायचं तर ते ह्यांच्यासमोर सांगावं लागलं असतं. ते बाजूला उभे राहून दिव्याची वायर गुंडाळत होते. मला ते तोंडातून काढता आलं नाही. आणि सांगितलं असतं तरी ती म्हणाली असती, की मग बाटल्या कोण देणार, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुझ्याकडे आहे. मुद्रितं न्यायला प्रेसचा माणूस येतो, त्याच्या हाती हे देतेय. उद्या सकाळी तुला मिळेल, तेव्हा तिच्या पोटात काल दुपारपासून काही नसेल. या महिन्यासाठी तू माझ्या नावाने बाजूला ठेवलेले पैसे आहेत, ते तिच्या नावावर कर. बैठकीसाठी थांबू नकोस, बँकवाल्यांना हे पत्र वाचून दाखव, मला आता कशाचीच लाज उरलेली नाही. पण ते नंतर. आधी तिला फोन कर, नंबर सहीखाली लिहिला आहे. निधीचं भाषण देऊ नकोस. फोटो लागणार नाही, एवढंच सांग, आणि ती काहीतरी तोंडात घालेपर्यंत फोन ठेवू नकोस.

अजून तरी तुझीच,
शास्त्रीबुवा